भट्टीवरची सुटका भादव्यात सुरू होते

पत्र लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. रायगड जिल्ह्यातल्या त्यांच्या गावाला लागून पस्तीसेक उंबऱ्यांची कातकरी वाडी आहे. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामावर जाते. गेल्या वर्षी एक कुटुंब पाऊस लागला तेव्हा परत आलं, पण थोरल्या पोराशिवाय. ‘हिशोब फिटला नाही’ म्हणून शेठनं पोरगा ठेवून घेतला. बचत गटातल्या आठ बायका आणि कॉलेजातली चार पोरं मिळून आता त्यांना मानवी तस्करीविरोधी गट काढायचाय. धाड कशी घालायची, पोलिसांना बरोबर कसं न्यायचं, एवढंच त्यांनी विचारलंय.

मी ठाणे-रायगड पट्ट्यात २२ वर्षं हेच काम करते आहे. धाडीचं सांगते, पण आधी वाडीचं सांगू द्या.

पहिली गोष्ट, गटाच्या नावात ‘मानवी तस्करी’ घालू नका. फळ्यावर ते शब्द वाचून वाडीतलं कुणी बैठकीला येणार नाही, कारण आपली तस्करी झाली असं कुणालाच वाटत नाही. त्यांच्या लेखी शेठनं अडीला-नडीला बयाणा दिला, आता तो अंगावर आहे, तो फेडायचा. माणसाला बांधून घालायला साखळी लागत नाही, शब्द पाळायची सवय पुरते. कातकरी माणूस घेतलेल्या पैशाला फार जागतो, आणि भट्टीवाल्याचं सगळं गणित त्या इमानावर चालतं.

कायदा मात्र याला काय म्हणायचं ते स्पष्ट सांगतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा अपव्यापार (म्हणजेच तस्करी) आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा. सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सांगितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं भादंवि ३७०) म्हणतं की शोषणासाठी माणूस नेताना फसवणूक, धाक किंवा पैशाचं आमिष वापरलं असेल तर त्याची संमती होती की नव्हती याला अर्थ नाही. ‘तो आपल्या पायानं गेला होता’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक कचेरीत ऐकायला मिळेल. त्या वेळी हे कलम आठवा.

आता शीर्षकातल्या भादव्याकडे येते. लावणी आषाढ-श्रावणात उरकते, कापणीला अजून अवकाश असतो. मधल्या दोन महिन्यांत वाडीत हाताला काम नाही, डब्यात तांदूळ नाही, वर तापाची साथ. त्यात गणपती. भट्टीसाठी माणसं गोळा करणारा मुकादम नेमका तेव्हा येतो. कुणाला पाच हजार, कुणाला दहा, कुणाच्या मुलीच्या लग्नाला वीस. अंगठा भादव्यात लागतो आणि माणूस कार्तिकात जातो. भट्टीवर जे घडतं ते दोन महिने आधी वाडीत ठरलेलं असतं. म्हणून गटाचा खरा हंगाम पावसाळा. दिवाळीनंतर जागे झालेले गट मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या वाट्याला फक्त धावपळ येते.

वसई-ठाण्याकडे पूर्वी ‘लगीनगडी’ हा शब्द होता. लग्नासाठी मालकाकडून पैसे घ्यायचे आणि त्यापायी त्याच्याकडे गडी म्हणून राबायचं, पुष्कळदा बायकोसकट आणि वर्षानुवर्षं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच वेठबिगारांमधून. १९९९ मध्ये या दोघांना ब्रिटनमधल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला, पण मला त्यांच्या कामातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की सुटलेले वेठबिगारच पुढं इतरांना सोडवायला उभे राहिले. तुमच्या गटात आठ बायका आणि चार पोरं आहेत म्हणालात. त्यात वाडीतलं कोण आहे? ते पत्रात कुठंच नाही. भट्टीवर चार हंगाम काढलेली एक बाई गटात आल्याशिवाय पुढचं काही करू नका.

मग वही घाला. शंभर पानी, साधी. कुटुंबातली माणसं किती, मुलं किती नि किती वर्षांची, बयाणा कुणाकडून घेतला, किती, कोणत्या महिन्यात, जायचं कुठं, कुणाच्या गाडीतून, मुकादमाचा नंबर, भट्टीचं ठिकाण. गाडीचा नंबर निघायच्या दिवशी लिहायचा. ‘भिवंडीकडं’ एवढ्यावर समाधान मानू नका. भिवंडीकडं शेकडो भट्ट्या आहेत. जवळचा फाटा, नदी, देऊळ, जे सांगतील ते लिहा. कोळशाच्या कामाला कर्नाटकात किंवा सोलापूरकडं वेड्या बाभळीच्या रानात जाणाऱ्यांचं तर जास्तच नेमकं लिहा, कारण तिथं रस्ता संपल्यावर काम सुरू होतं, फोनला रेंज नसते, आणि आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कुणी नसतं. दर आठवड्याला एक फोन ठरवून घ्या. दोन आठवडे फोन नाही आला तर विचारपूस सुरू करायची, महिनाभर वाट बघायची नाही.

ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका. भट्टीवाला आणि उपसरपंच एकच, अशी गावं माझ्या माहितीत आहेत.

मुकादमाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण नवे गट इथंच चुकतात. तो बाहेरून आलेला खलपुरुष नसतो. बहुतेकदा त्याच वाडीतला, कुणाचा मेव्हणा, कुणाचा साडू. कधीकाळी तोही भोंग्यात राहिलेला, म्हणजे भट्टीवरच्या त्या पेंढ्या-विटांच्या खोपटात. शेठ त्याला माणशी किंवा हजार विटांमागे काहीतरी देतो आणि माणूस पळाला तर त्याच्याच मानगुटीवर बसतो. त्याला पहिल्याच दिवशी शत्रू केलंत तर अर्धी वाडी तुमच्याशी बोलायची बंद होईल. मी मुकादमाच्या बायकोपासून सुरुवात करते. तिला सगळे आकडे पाठ असतात. मुलगी विकणारा, लहान पोरं पोचवणारा दलाल वेगळा. त्याला ही सवलत नाही.

पोरांचं निघालं म्हणून. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची एक दहा वर्षांची कातकरी मुलगी मरण पावली आणि त्यातून बाहेर आलं की तिथली मुलं काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली जात होती. वाडीतून पोरं दिसेनाशी होत होती तेव्हा अंगणवाडीच्या पटावर, शाळेच्या हजेरीवर ते दिसायला हवं होतं. म्हणून तुमच्या गटानं शाळेच्या मास्तरांशी एवढंच ठरवावं: सलग आठ दिवस पोर आलं नाही की नाव कळवायचं. ‘मामाकडं गेलाय’ असं उत्तर मिळालं तर मामाचं गाव विचारायचं, आणि मामाला फोन लावायचा. आढेवेढे घेतले की समजायचं. मग १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आणि बालकल्याण समिती. मूल सापडलं की २४ तासांत समितीपुढं न्यावंच लागतं. तुमच्या घरी ठेवून घेऊ नका, मनात कितीही माया असली तरी.

मुलींच्या बाबतीत वाट वेगळी असते. मुलगा परमुलखातला, लग्नाचा खर्च तोच करणार, वर आईबापाच्या हातात रक्कम, आणि चार दिवसांत सगळं उरकायची घाई. मुलाकडची बाईमाणसं कुणी आलीच नाहीत, नुसते पुरुष आले, तर शंका घ्या. वय अठराच्या खाली असेल तर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही.

आता ज्याची तुम्हाला उत्सुकता आहे ते. माणूस अडकलाय असं कळल्यावर काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते, कारण ते मी स्वतः करून बसले आहे. पहिल्याच वर्षी एका जोडप्याचे नऊ हजार अंगावर होते. आम्ही वर्गणी काढली, शेठला नेऊन दिली, दोघांना घरी आणलं, हार घातले. पुढच्या भादव्यात त्याच शेठचा मुकादम वाडीत दुप्पट बयाणा वाटत होता. वर्गणीवाले आहेतच भरायला! शिवाय आम्ही एक बेकायदा देणं कायदेशीर असल्यासारखं चुकतं केलं होतं. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे वेठबिगारीचं कर्ज संपलेलंच असतं, आणि ते वसूल करणं हाच गुन्हा. एक रुपयासुद्धा देऊ नका.

दुसरं, स्वतः गाडी घेऊन माणसं उचलून आणू नका. इथं भलेभले फसतात. माणूस जिथं राबत होता तिथल्या जिल्हाधिकाऱ्यानं किंवा प्रांताधिकाऱ्यानं चौकशी करून मुक्ती दाखला द्यायचा असतो. त्याला तुम्ही रात्रीत घरी आणलंत तर तिथला अधिकारी म्हणतो, माझ्या हद्दीत कुणी नाही, आणि तुमचा म्हणतो, माझ्या हद्दीत काही घडलंच नाही. दाखला नाही म्हणजे पुनर्वसन नाही. केंद्राच्या योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि लैंगिक शोषण किंवा अपव्यापारासारख्या अतिगंभीर प्रकारात तीन लाख अशी तरतूद आहे. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत, बाकीची रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली. तातडीच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्याकडं निधी ठेवायचा असतो. सगळं त्या एका कागदावर अडतं. जीवाला धोका असेल, बाईवर अत्याचार होत असेल, तर अर्थातच ११२ फिरवा आणि कागदाचं नंतर बघा.

तर अर्ज लिहायचा जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत प्रांतांना, तहसीलदारांना आणि पोलीस अधीक्षकांना. भाषा साधी. कोण, कुठं, कधीपासून, किती बयाणा, कशी अडवणूक: मजुरी देत नाहीत, बाजाराला एकट्यानं जाऊ देत नाहीत, पोरगा ठेवून घेतला. यातला एकेक मुद्दा स्वतंत्र वाक्यात. ‘अमानुष अत्याचार’ वगैरे लिहू नका, अधिकारी अशा शब्दांवरून नजर फिरवतो आणि तारखांवर थांबतो. पोच घ्या. केंद्राच्या कार्यपद्धतीत चौकशीला २४ तास दिलेत. पोचेवर वेळ लिहून मागितली की कारकून वर बघतो, एवढा तरी फायदा होतो. गुन्ह्याची फिर्याद तुमच्या गावच्या ठाण्यातही शून्य क्रमांकानं घ्यावीच लागते, पुढं ती योग्य ठाण्याकडं जाते. कातकरी अनुसूचित जमातीत येत असल्यानं अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं वेठबिगारीबद्दलचं कलम ३(१)(h) लावायचा आग्रह धरा. जातीचा दाखला नसेल तर इथंच घोडं पेंड खातं, त्याविषयी शेवटी सांगते.

चौकशीच्या दिवशी तुमचं काम एकच: मजूर आणि शेठ यांचे जबाब वेगळ्या जागी होतील हे बघणं. शेठ समोर उभा असताना कुठला माणूस बोलेल? तो म्हणेल, ‘काय नाय सायेब, समदं बरं हाय.’ आणि पंचनामा संपला.

एक प्रसंग सांगते. बारा-तेरा वर्षं झाली. भट्टीवर एक आजी, तिचा मुलगा आणि सून. हंगाम संपल्यावर शेठनं वही काढली. बयाणा २५,०००. आठवड्याची खर्ची ८०० प्रमाणे २४ आठवड्यांचे १९,२००. झाले ४४,२००. विटा पाडल्या ७१ हजार, हजाराला ५०० रुपये, म्हणजे ३५,५००. वर अवकाळी पावसात भिजलेल्या सहा हजार विटांचे ३,००० वजा. एकूण बाकी ११,७०० रुपये, तेवढ्यासाठी नातू ठेवून जा.

नायब तहसीलदार तरुण होते, जरा कंटाळलेले. त्यांनी आजीला विचारलं, तुम्हाला तरी माहीत आहे का किती विटा पाडल्या? आजीनं कमरेची कापडी पिशवी सोडली आणि टेबलावर चिंचोके ओतले. हजार वीट भरली की एक चिंचोका, रोज संध्याकाळी. तिला शंभराच्या पुढं मोजता येत नव्हतं, पण चुकवताही येत नव्हतं. साहेबांनी दहा-दहाच्या ढिगाऱ्या केल्या. अकरा ढीग आणि वर आठ. ११८ हजार. म्हणजे ५९,००० रुपये. शेठच देणं लागत होता, १४,८०० रुपये.

शेठ हसला, चिंचोके काय पुरावा आहे का म्हणाला. साहेबांनी त्याला एवढंच विचारलं, की वहीवर मजुराची सही कुठं आहे. नव्हती. १९७६ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सिद्ध करायचा भार सावकारावर आहे: हे देणं वेठबिगारीचं नाही, हे त्यानं दाखवायचं. पंचनाम्यात चिंचोक्यांची संख्या लिहिली गेली. नातू त्याच दिवशी बरोबर आला. मजुरीचे पैसे मिळायला आठ महिने लागले, पुनर्वसनाचे तर त्याहून कितीतरी जास्त. तोवर सून दुसऱ्या भट्टीवर जाऊन आली होती.

तेव्हापासून आमच्या वाड्यांमधून जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला आम्ही एक छोटी वही देतो, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना चिंचोके. कॉलेजातल्या पोरांनी यासाठी मोबाईलचं ॲप बनवायचं सुचवलं तर कौतुक करा आणि चिंचोकेच द्या.

पोरांना आणखी एक सांगा. सुटकेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत. लहान मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, अत्याचारग्रस्त बाईची ओळख उघड करणंही. आणि कायदा नसता तरी ज्या बाईला उद्या त्याच बाजारात जायचंय तिचा रडवेला चेहरा तालुकाभर फिरवण्यात काय शौर्य आहे?

बाहेरून येऊन धाड घालणाऱ्यांविषयी माझं मत थोडं कडू आहे. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही वेश्या व्यवसायातल्या बायकांचीच संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच: वस्तीत कोवळी पोर आणली गेली तर ते सगळ्यात आधी आम्हालाच कळतं, आम्हाला बरोबर घ्या; सगळ्यांना सरसकट ‘वाचवू’ नका. वेश्या व्यवसायाकडं बघण्याच्या त्यांच्या सगळ्या भूमिकेशी मी सहमत नाही, आमची त्यावर भांडणं झालीत. पण ही गोष्ट मी भट्टीवर जशीच्या तशी अनुभवली आहे. शेजारच्या भोंग्यातल्या बाईला सगळं माहीत असतं. तिच्यापर्यंत पोचायला बाहेरच्या माणसाला महिने लागतात, वाडीतल्या माणसाला एक विडी पुरते.

सरकारी समित्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असायला हवी, हे १९७६ च्या कायद्यातच आहे, आणि तीत अनुसूचित जाती-जमातीचे तीन आणि सामाजिक कार्यकर्ते दोन घ्यायचे असतात. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते. शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त द्या, असा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नेमणुकीची मागणी त्याच आठवड्यात करा. वाडीतल्या बाईचं नाव द्या, तुमचं नको. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील अपव्यापार किंवा वेठबिगारीच्या पीडिताला उत्पन्न न बघता फुकट मिळतो, १५१०० या क्रमांकावर विचारता येतं. वकील नेमून घेतल्यावर दर तारखेला कुणीतरी सोबत जा. एकटा कातकरी माणूस कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसतो आणि पुकारा झाला तरी उठत नाही, आपलं नाव तसं उच्चारलेलं त्यानं कधी ऐकलेलं नसतं.

तुमच्या त्या पोराचं: तो अजून तिथंच असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आज अर्ज द्या. वय अठराच्या आत असेल तर १०९८ वर आधी. आईबापांना बरोबर घ्या, त्यांच्या जबाबाशिवाय अर्ज लंगडा पडतो. ते घाबरतील, शेठ फोन करेल, मुकादम घरी येऊन बसेल. त्या दोन-तीन रात्री गटातल्या कुणीतरी त्यांच्या घरी झोपायला जायचं. याला कुठल्या पुस्तकात कलम नाही, पण जबाब फिरतात ते रात्रीच.

राहिलं जातीच्या दाखल्याचं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. तरी निम्म्याअधिक घरांत दाखला नाही, रेशनकार्ड विभागलेलं नाही, आधारवर नाव भलतंच, असं चित्र मी अजून बघते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जमातींसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन मोहिमेत यासाठी शिबिरं लागली. तुमच्या वाडीतले किती राहिले ते मोजा आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडं यादी द्या. भादव्यात रेशनचा तांदूळ घरात आला आणि रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी जूनमध्येच गेली असेल, तर मुकादमाच्या पाच हजारांची किंमत कमी होते. सगळे थांबणार नाहीत. पस्तीस घरांपैकी आठ थांबली तरी उरलेल्यांचा भाव वाढतो, हे मी दोन वाड्यांत पाहिलंय.

जे जातील त्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह मागता येतं, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं. बहुतेक आज्या मागं राहतातच, पोरं त्यांच्याकडं झोपतील, जेवणाची सोय तेवढी लागते. ठराव गणपतीच्या आधी करून घ्या. नंतर मास्तर निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामावर गेलेले असतात.